तीन क्विंटल बर्फ

बर्फ ही विकत आणायची वस्तू आहे, हे मी अकोल्यात फार लहानपणी शिकले. ताईचं लग्न मे महिन्यात होतं. वऱ्हाडातलं वऱ्हाड मेशिवाय निघतच नाही. पारा ४६वर. पाहुण्यांना लिंबाचं सरबत गार द्यायचं म्हणून बाबा सायकल घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले, अर्धी लादी भुशात लोळवून गोणपाटात गुंडाळली, कॅरिअरला सुतळीनं आवळली आणि घराकडे निघाले. वाटेत तीन ओळखीचे भेटले. बाबांचा स्वभाव असा, की भेटलेल्या माणसाला लग्नाचं आमंत्रण, मुलाकडच्यांचं गाव आणि जेवणाचा बेत हे तिन्ही सांगितल्याशिवाय पुन्हा सायकलवर टांग टाकायची नाही. घरी पोचले तेव्हा गोणपाटातून जो ऐवज निघाला तो साबणाच्या दोन वड्यांएवढा होता. कारखान्यापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ मात्र उमटली होती म्हणे. आम्ही पोरं ती बघायला धावलो, तोवर तीही वाळली होती.

"पैसे लादीचे देल्ले अन् आणली रेघ," असं आई पुढे पंचवीस वर्षं म्हणत होती.

त्या घरातली मुलगी आता मॉन्ट्रियलला राहते. नवऱ्याची बदली उन्हाळ्यात झाली, त्यामुळे पहिले दोन महिने आम्हाला शहर फार आवडलं. लोक अंगावर जेमतेम कपडे घालून बागेत उताणे पडलेले असत. मला वाटे, काय हे, सारखं ऊन खात पडायचं! ती माणसं ऊन खात नव्हती, साठवत होती, हे नोव्हेंबरात कळलं.

नवरा पुण्याचा. त्यामुळे थंडी या विषयातलं आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज. "पाषाणला आठपर्यंत जातो पारा," हे वाक्य तो विमानात बोलला, घरमालकिणीसमोर बोलला आणि ऑफिसच्या पहिल्या दिवशीही बोलला. तिथल्या लोकांनी आदरानं विचारलं, "उणे आठ?" तो म्हणाला, "नाही, आठच." त्यावर कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला.

त्याचा तरी काय दोष? आपल्याकडे दर डिसेंबरात निफाडचा पारा घसरतो, राज्याला हुडहुडी भरते आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात येतो. त्या फोटोत जीपच्या टपावर चिमूटभर पांढरं काहीतरी असतं आणि चार पर्यटक ते बोटानं दाखवत असतात. लादी, गोळा आणि वेण्णा तलाव. आमची बर्फाशी ओळख एवढीच.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकारनं सगळ्यांची घड्याळं एक तास मागे नेली. अकोल्याशी साडेनऊ तासांचं अंतर होतं ते साडेदहा झालं. हे आईला फोनवर समजावताना मी घामाघूम झाले; त्या महिन्यातला तो शेवटचा घाम. "घड्याळ मांगं केलं म्हंजे दिवस मोठा झाला का?" तिनं विचारलं. उलट झालं होतं. महिना संपेपर्यंत सूर्य सव्वाचारलाच मावळायला लागला. शाळेतून आलेल्या लेकीला दूध द्यायचं की हातपाय धुऊन शुभंकरोतीला बसवायचं, हे मला ठरवता येईना.

तयारीचे दिवस मात्र ओळखीचे वाटले. आमच्या अकोल्यात मार्च लागला की कूलर खाली उतरतो. टबाला रंग, ताट्यांत नवा वाळा, पंपाची खटपट, आणि मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणाला की समजायचं एप्रिल. इथे तोच सोहळा टायरांचा. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत, असा कायदाच आहे. साधा टायर थंडीत कडक होतो आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं. नवऱ्यानं पुणेरी शहाणपण दाखवून नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गॅरेजला फोन केला. गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. आवाज तोच, आमच्या कूलर मेकॅनिकचा, फक्त फ्रेंचमध्ये. शेवटी टायर बदलले आणि काढलेले चार उन्हाळी टायर घरी आले. ते बेडरूममध्ये एकावर एक ठेवून मी त्यांच्यावर सोलापुरी चादर टाकली. त्यावर आता फ्लॉवरपॉट आहे.

फ्रेंचचं म्हणाल तर, क्वेबेक सरकार नव्या लोकांसाठी फ्रेंचचे वर्ग चालवतं. त्या वर्गात मी रोज सकाळी जात होते. नोव्हेंबरात मास्तरीणबाईंनी क्रियापदं बाजूला ठेवली आणि फळ्यावर हिवाळा लिहायला घेतला. पडतो तो 'नेज'. गोठलेल्या पाण्याचा तो 'ग्लास'. वाऱ्यानं जमिनीवरून पिठासारखा उडतो ती 'पूद्रेरी'. रस्त्यावर चाकांखाली मळून त्याचा मातकट रबडा होतो तो 'स्लॉश'. पाऊस म्हणून पडतो आणि जिथे टेकेल तिथे काच होऊन बसतो तो 'व्हेर्ग्ला'. ती काच डांबरावर चढली की दिसतच नाही, तिला म्हणायचं काळा बर्फ. मी वहीत हे सगळं उतरवलं आणि समोर मराठी अर्थ लिहायला घेतला. बर्फ. बर्फ. बर्फ. बर्फ. चिखल? बर्फ.

मग आला 'बां द नेज', रस्त्याकडेला साचणारा बर्फाचा ढीग. मी ऐकलं 'बँक'. मनात म्हटलं, बरोबरच आहे, जमा होत राहतं आणि परत काही मिळत नाही. अशा पतसंस्था आम्हीही पाहिल्या आहेत.

बाईंना माझ्या वहीची दया आली. त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत उन्हासाठी किती शब्द? मी उभीच राहिले. ऊन, उकाडा, उष्मा, काहिली, तलखी, झळा, रखरख, अंगाची लाही. त्याशिवाय मे महिन्याच्या शेवटी नऊ दिवस तापतात तो नवतपा. वर्गातला एक अल्जीरियाचा गृहस्थ मध्येच टाळ्या वाजवायला लागला. त्याच्याकडेही असणार.

पहिला बर्फ पडला तो तुळशीच्या लग्नात.

नदीपलीकडे ब्रॉसार्डला एक मराठी काका-काकू राहतात. मूळचे सांगलीचे, इथे तीसेक हिवाळे झालेले. इथले जुने लोक वर्षं मोजत नाहीत, हिवाळे मोजतात. त्यांच्या गल्लीत शिरलो तर दर दोन-तीन घरांआड दारात पांढरा मांडव! प्लॅस्टिकच्या कापडाचा, लोखंडी पाइपांवर ताणलेला, थेट मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला आचाऱ्यांसाठी घालतात तसा. मी नवऱ्याला म्हटलं, "सगळ्यांकडेच तुळशीचं लग्न आहे की काय?" तो गाड्यांचा मांडव निघाला. गाडीवर बर्फ पडू नये म्हणून घरासमोर हिवाळाभर तो उभा करतात आणि वसंतात सोडतात. पाच-पाच महिने मांडव, आणि आत नवरी म्हणून एक टोयोटा.

काकांनी मांडव घातला नव्हता. त्यांनी ठेका दिला होता. घरासमोरच्या गाडीवाटेच्या दोन्ही कडांना ठेकेदारानं खुणेच्या काठ्या रोवल्या होत्या, बर्फात वाट बुडाली की ट्रॅक्टरवाल्याला कळावी म्हणून. आमच्याकडे प्लॉट पाडल्यावर रोवतात तशाच. ठेक्याचे पैसे संपूर्ण हिवाळ्याचे, आणि आगाऊ. बर्फ दोनदा पडो की चाळीसदा. त्यामुळे अख्ख्या ब्रॉसार्डमध्ये बर्फ जास्त पडावा अशी मनापासून इच्छा बाळगणारा हा एकमेव गृहस्थ. "मागल्या साली नुसती भुरभुर," ते खिन्नपणे म्हणाले. "ट्रॅक्टर दारात बघायलाच मिळेना. पैसे गेले की हो पाण्यात." खरं म्हणजे पाण्यातही नव्हते गेले.

दिवाणखान्यात तुळस सजली होती. ती बिचारी सप्टेंबरच्या शेवटीच बाल्कनीतून घरात आली होती आणि जेमतेम सात पानांवर संसाराला उभी होती. जाँ-तालों रस्त्यावरच्या आपल्या वाण्याकडून आणलेल्या उसाच्या दोन कांड्यांना मांडव म्हटलं होतं. शेजारी बाळकृष्ण. अंतरपाट धरला, काकूंनी मंगलाष्टकांना सुरुवात केली, आणि दुसऱ्या 'सावधान'ला खिडकीजवळचं एक पोर ओरडलं, "पडला!"

वधू-वरांना तसंच सोडून वऱ्हाड खिडकीला चिकटलं. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, ते कधी सुटलं कळलंसुद्धा नाही. बाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली काहीतरी चाललं होतं. पाऊस पडतो तसं ते पडत नव्हतं. पावसाला खाली यायची घाई असते. हे मात्र निवांत होतं. थोडं खाली यायचं, बाजूला सरकायचं, मन बदलून पुन्हा वर जायचं. आणि आवाज नाही. टपटप नाही, पन्हाळ नाही, कौल नाही, काही नाही. पाऊस आला की आमच्याकडे आधी वाळवण आत घेण्याची बोंब होते. इथे कुणालाच काही आत घ्यायचं नव्हतं.

काका जागचे उठले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि समाधानानं म्हणाले, "झालं सुरू वसूल."

मग काकूंनी आम्हाला ओरडून परत बोलावलं आणि लग्न लागलं.

मी फोनवरून आईला व्हिडिओ लावला. तिच्याकडे सकाळ होती, चहा चालू होता. कॅमेरा खिडकीबाहेर धरला. आईनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"हा तं जिनिंगमधला कापूस दिसून रायला," ती म्हणाली.

आणि खरंच की. कापसाच्या मोसमात गाड्या जिनिंगकडे जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना पुंजके अडकून राहतात, जिनिंगच्या आवारात सगळी धूळ पांढरी होते, हमालांच्या भुवयासुद्धा. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होते आणि तो मला अकोल्यात आधीच दिसलेला होता.

"भाव काय आहे?" आईनं विचारलं.

"कशाचा?"

"बर्फाचा."

"फुकट आहे, आई. आभाळातून पडतोय."

यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "कान बांधले का?"

कानांचं सांगायलाच हवं. थंडी माणसाच्या अंगात कानांतून शिरते, हा महाराष्ट्राचा सिद्धांत. वीस डिग्रीला कानटोपी घालणाऱ्या आपल्या माणसांना आपणच आजवर किती हसलो! सासूबाईंनी नवऱ्याला माकडटोपी बांधून दिली होती आणि ती त्यानं बॅगेच्या तळाशी लपवून आणली होती. इथे उतरून बघतो तर अख्खा प्रांत कानटोपीत. तिला 'त्युक' म्हणतात, दुकानात वेगळा कप्पा असतो, तरुण पोरं ती घरातही काढत नाहीत. पहिल्या उणे बाराला नवऱ्यानं माकडटोपी बाहेर काढली. ऑफिसात दोघांनी त्याला विचारलं म्हणे, कुठे मिळते.

उणे बारा मी म्हणते, पण इथे तापमानं दोन असतात. एक असतं ते, आणि एक भासतं ते. रेडिओवरची बाई आधी खरं सांगते, मग सुस्कारा टाकून वाऱ्यासकटचं सांगते. खरं बारा, भासतं वीस. हे भासणंही कुणी मनानं ठरवलेलं नाही. आजचं गणित २००१ साली आलं, आणि त्यासाठी टोरांटोत बारा माणसांना गार वाऱ्याच्या बोगद्यात, चेहऱ्याला यंत्रं लावून चालवलं होतं. त्या बारा जणांबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्यांनी नुसतं व्हिलरेतल्या आमच्या कोपऱ्यावर येऊन बससाठी उभं राहायचं होतं.

व्हिलरेत आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना रस्त्यावर. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांत हे असंच असतं. घरातली जागा वाचावी, जिन्याची पोकळी तापवायला लागू नये, म्हणून जिना उचलून बाहेर ठेवलेला. लोखंडी, अरुंद, मध्येच डौलात वळणारा. पर्यटक त्याचे फोटो काढतात. उन्हाळ्यात मीही त्यावर बसून भेंडी चिरली होती. पहिल्या बर्फानंतर दोन दिवसांनी रात्री पाऊस पडला आणि सकाळी मी डबा घेऊन दार उघडलं, तर जिन्याला कुणीतरी काचेचा मुलामा दिलेला. हाच तो फळ्यावरचा 'व्हेर्ग्ला'. जानेवारी १९९८ मध्ये असा पाऊस पाच दिवस पडत राहिला होता. बर्फाच्या वजनानं विजेचे मनोरे वाकून कोसळले, नदीपलीकडच्या भागात कित्येक घरं महिनाभर अंधारात होती. काका ती गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज पानशेत सांगणाऱ्या पुणेकरांसारखा होतो.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीशी माझा काही संबंध आला नाही. तिसरीवर मी बसलेल्या अवस्थेत भेटले आणि तिथून पुढचा प्रवास मी बसूनच, एकेक पायरी मोजत, डबा डोक्यावर धरून केला. खाली मादाम उभ्या होत्या. मादाम आमच्या घरमालकीण, वय सत्तरीच्या पुढे, त्या त्याच काचेवरून बाजारात जाऊन पाव घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. अकोल्याहून आणलेले बूट होते, उत्तम लेदर. मग त्या शांतपणे दोन शब्द म्हणाल्या. पैकी 'मीठ' मला कळला.

मी वर जाऊन (हातांवर आणि गुडघ्यांवर) स्वयंपाकघरातला मिठाचा पुडा आणला आणि पायऱ्यांवर भुरभुरवला. वरणात घालतात तसं, बेताबेतानं. मादामनी ते काही वेळ पाहिलं, आत गेल्या आणि वीस किलोंची एक गोणी ओढत घेऊन आल्या.

हे आईला सांगायला नको होतं. मीठ सांडलं तर देवाघरी ते पापण्यांनी वेचावं लागतं, या धाकात तिनं आम्हाला वाढवलं.

"मीठ टाकून रायली पायऱ्यायवर? अन् त्याच्यावर पाय देऊन रायली?"

"आई, इथे सगळेच टाकतात. रस्त्यावर तर ट्रक मीठ टाकत जातात. मॅग्डालेन बेटांवर खाण आहे मिठाची, तिथून येतं."

"ट्रकनं?" आईचा आवाज खोल गेला. "मंग पापणीनं येचा लागन ते कोण येचन?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॉन्ट्रियलकरांना त्यासाठी किती जन्म घ्यावे लागतील याचा हिशेब नवऱ्यानं सुरू केला होता, तो मी थांबवला. एक मात्र आईच्या बाजूनं सांगते. पारा उणे दहाच्या खाली फार गेला की मिठाचंही काही चालत नाही, मग रस्त्यावर बारीक खडी टाकतात. ती तरी पापण्यांनी उचलायची अट नाही.

मोठं वादळ डिसेंबरात आलं. रात्रभर पडत होता. सकाळी उठलो तर रस्त्यावर गाड्या नव्हत्या, एका रांगेत झोपलेल्या गाईम्हशी होत्या, पांढऱ्या दुलया घेतलेल्या. नवऱ्यानं नवं फावडं घेतलं, मी सुपली घेतली, लेकीला कपडे चढवले (याला किती वेळ लागतो आणि सगळे चढवून झाल्यावर ती काय म्हणते, हे आया जाणतातच) आणि आम्ही मोहिमेवर निघालो. जिन्यापासून चौथा उंचवटा आमचा. नवऱ्याला खात्री होती. खांबापासून त्यानं पावलंसुद्धा मोजली.

ताजा बर्फ दिसायला पिसासारखा असतो. फावड्यावर घेतला की पहिली दहा फावडी तसाच लागतो. अकराव्या फावड्याला त्याचं खरं वजन कळतं. पाऊण तासानं नवरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि दुखण्यावरचा त्याचा नेहमीचा उपाय सुरू केला, म्हणजे गणित. "सहा मीटर बाय अडीच मीटर. वीस सेंटीमीटर जाडी. म्हणजे तीन घनमीटर. ताज्या बर्फाचं वजन पाण्याच्या एक दशांश धर." थोडं थांबून म्हणाला, "तीनशे किलो."

"तीन क्विंटल!" माझ्या तोंडून निघालं. क्विंटल म्हटल्यावर मला ते चित्र लख्ख दिसलं. तीन क्विंटल कापूस म्हणजे घरात पैसा येतो. तीन क्विंटल बर्फ आम्ही दोघांनी हातांनी उपसून शेजारच्या ढिगात, त्या परत न देणाऱ्या बँकेत भरला होता.

आतून गाडी दिसायला लागली. निळी. आमची गाडी राखाडी आहे.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक तरुण धावत बाहेर आला. तो काय म्हणाला ते पूर्ण कळलं नाही, पण त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, माझ्या सुपलीकडे भक्तिभावानं पाहिलं, गाडी सुरू केली आणि निघून गेला. तेव्हापासून आमच्या गल्लीत भारतीय लोकांबद्दल फार चांगलं मत आहे. आमची गाडी तिथून दोन रस्ते पलीकडे होती. आदल्या संध्याकाळी जागा मिळाली नव्हती, हे नवऱ्याला तेव्हा आठवलं.

मादामनी त्या दिवशी आम्हाला सूप दिलं. लेकीनं त्या बदल्यात त्यांना गोळा खिलवायचा ठरवला. बाल्कनीतून स्टीलच्या वाटीत ताजा बर्फ भरला, जाँ-तालोंवरून आणलेलं गुलाबी सरबत ओतलं, आणि आइसक्रीमची काडी त्यात रोवून दाबायला घेतली. गोळा काही होईना. कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा, रवाळ. तो चिकटतच नाही. गोळ्याला लादीच हवी, आणि रंधा, आणि गोळेवाल्याचा तो गार पडलेला पंजा. शेवटी सगळ्यांनी चमच्यानं खाल्लं. मादामना मुळीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या, आमच्याकडे मार्चमध्ये मेपलचा पाक उकळून असाच ताज्या बर्फावर ओततात, थिजला की काडीला गुंडाळून खातात. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे तर बर्फ पडत नाही, मग हे करता कशाचं?

मी माझ्या फ्रेंचमध्ये सांगितलं: बर्फ आम्ही विकत घेतो.

त्यांनी वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. माझं क्रियापद चुकलं असेल असं त्यांना वाटलं. मी 'घेतो' बरोबर म्हटलं होतं. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळे पुसत उठल्या आणि ही बातमी द्यायला तळमजल्याच्या बहिणीला हाक मारली.

वादळानंतर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नारिंगी पाट्या लागल्या. संध्याकाळी सातपासून गाड्या हलवा, बर्फ उचलणार. साडेसहाला भोंगा सुरू झाला. गाड्या ओढणारा ट्रक गल्लीगल्लीतून तो दुपदरी भोंगा वाजवत फिरतो. ऐकून माणसं अर्धं जेवण टाकून, एक हात कोटात घालत धावतात. नवरा धावला. या वेळी गाडी राखाडी आहे याची त्यानं आधी खातरजमा केली.

रात्री अकराच्या सुमारास ती मिरवणूक आमच्या खिडकीखाली आली. पुढे पदपथावरून पिसाळल्यासारखे धावणारे छोटे ट्रॅक्टर, मागे रस्ता खरवडणारी अजस्र पाती, त्यामागे ते यंत्र. आर्थर सिकार नावाच्या क्वेबेकच्याच माणसानं १९२५ साली ते बनवलं. पुढच्या जबड्यातून बर्फ खातं आणि वरच्या सोंडेतून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये भसाभस फेकतं. हडंब्यातून सोयाबीनचं भुसकट उडावं तसं. एक ट्रक भरला की दुसरा पुढे. दूरवर दिव्यांची रांग, दहा-बारा तरी असतील. हा सगळा माल शेजारच्या सेंट-मिशेल भागातल्या फ्रांकॉन खाणीत जाऊन पडतो. जुनी दगडाची खाण आहे, तिचा खड्डा बर्फानं भरून डोंगर होतो, आणि तो डोंगर भर उन्हाळ्यातही पुरता वितळलेला नसतो.

अकोल्यात सकाळचे साडेनऊ. मी आईला व्हिडिओ लावला.

"हे कायले चाललं एवढं?"

"बर्फ नेताहेत."

"इकाले?"

"विकायला नाही गं. फेकायला. उलट न्यायचे पैसे द्यावे लागतात. सगळे करातून देतात."

आईनं चष्मा लावला. पाच ट्रक गेले. सहावा भरत होता, त्याच्या फाळक्यावरून बर्फाचा एक थर घसरून रस्त्यावर पडला, आणि कुणी उचलायला थांबलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही; मला वाटलं रेंज गेली.

"आई?"

"तुहे बाबा पाह्यजे होते," ती म्हणाली. "सायकल घेऊन त्या टरकाच्या मांगं लागले असते."